थिंकपॅड नेमका कोणत्या वर्षी बिघडला?

गेल्या अंकात याच पानावर एका उत्तरात आम्ही लिहिलं होतं: जुना थिंकपॅड लॅपटॉप घ्यायचाच तर टी४८०पर्यंतचा घ्या, त्यापुढचे सगळे बंद डबे, म्हणजे आतलं काही बदलता न येणारे. या एका ओळीवर ठाण्यापासून पनवेलपर्यंतच्या वाचकांची पत्रं आली. काहींनी पाठ थोपटली, बऱ्याच जणांनी कान उपटले. त्यांतली निवडक पत्रं उत्तरांसह देत आहोत. एका बाबतीत आमचं चुकलं होतं. त्याचा हिशेब पुढे येईलच.

प्रश्न: आयबीएमचा थिंकपॅड तो थिंकपॅड. लेनोवोकडे गेला आणि मातेरं झालं. यात वाद घालण्यासारखं आहे तरी काय?
(निवृत्त नेटवर्क अभियंता, नौपाडा)

उत्तर: वाद तारखांचा आहे. पहिला थिंकपॅड ७००सी ऑक्टोबर १९९२मध्ये आला. डिझायनर रिखार्ड झापर यांनी त्याचं काळं, चौकोनी रूप जपानी जेवणाच्या डब्यावरून बेतलं होतं. आयबीएमने हा धंदा लेनोवोला विकण्याचा करार डिसेंबर २००४मध्ये जाहीर केला आणि मे २००५मध्ये तो पूर्ण झाला. आता जुन्या चाहत्यांनी कपाटात जपून ठेवलेली मशिनं पाहा. टी६० आलं २००६ला, एक्स६१ २००७ला, एक्स२०० २००८ला, टी४२० आणि एक्स२२० २०११ला. सगळी विक्रीनंतरची. ज्याला आपण ‘शेवटचा खरा थिंकपॅड’ म्हणतो तो एक्स२२० मालक बदलल्यावर तब्बल सहा वर्षांनी आला. थिंकपॅड घडवणारी जपानमधली यामातो प्रयोगशाळा आणि तिथले अभियंते अरिमासा नाइतो विक्रीनंतरही याच कामावर होते.

आयबीएमच्या काळातही सगळं आलबेल नव्हतं. टी४० ते टी४२ मालिकेतलं मशीन एका कोपऱ्याला धरून उचललं की बॉडी किंचित वाकायची. वर्षभर हेच होत राहिलं की ग्राफिक्स चिपखालचं सोल्डर तडकायचं आणि स्क्रीनवर रेघा यायच्या. टी६०मध्ये मॅग्नेशियमचा सांगाडा आला आणि हे दुखणं बरंच आटोक्यात आलं. त्यानंतरच्या टी६१मध्ये एनव्हिडियाची चिप असेल तर तिचा वेगळाच रोग होता. आजही जुना टी६१ दिसला तर इंटेल ग्राफिक्सचाच उचलावा, एनव्हिडियाचा फुकट मिळाला तरी नको.

तेव्हा ‘कुणी विकत घेतला’ यापेक्षा ‘कधी, काय आणि का काढलं’ हा प्रश्न धरला तर हाती काही लागतं. आमच्या मते दोन वर्षं महत्त्वाची आहेत, २०१२ आणि २०१३. त्यांच्याबद्दलचीच पत्रं पुढे आहेत.

प्रश्न: मराठी डीटीपीचं काम करतो. टी४२०वर सात ओळींचा कीबोर्ड होता, तो हाताला बसला होता. नव्या थिंकपॅडवर उजवा आल्ट दाबायला जावं तर स्क्रीनचा फोटो निघतो. हा कीबोर्ड का बदलला? जुना नव्यात बसवता येतो का?
(ठाणे पूर्व)

उत्तर: तुमची तक्रार रास्त आहे. टी४२० आणि एक्स२२०वर इन्सर्ट, डिलीट, होम, एन्ड, पेज अप, पेज डाउन या सहा कळा वर उजवीकडे एकत्र होत्या. एस्केप आणि डिलीट दुप्पट उंचीच्या होत्या, त्यामुळे न पाहता बोट बरोबर पडायचं. २०१२च्या टी४३०, एक्स२३०पासून सहा ओळी आणि सुट्या कळांचा कीबोर्ड आला. होम, एन्ड, इन्सर्ट, डिलीट फंक्शन कळांच्या रांगेत गेल्या, पेज अप-डाउन बाणांच्या शेजारी आल्या आणि प्रिंट स्क्रीन उजवा आल्ट आणि उजवा कंट्रोल यांच्या मधे येऊन बसली. इनस्क्रिप्ट या मराठी कीबोर्ड मांडणीत काही अक्षरांना उजवा आल्ट लागतो, त्यामुळे मराठी टंकलेखकाला हा बदल इंग्रजीवाल्यापेक्षा जास्त खुपतो. यावर सोपा इलाज आहे. मायक्रोसॉफ्टच्या पॉवरटॉईज या मोफत साधनांत कीबोर्ड मॅनेजर आहे. त्यात प्रिंट स्क्रीन कळीला उजवा आल्ट नेमून द्या. दोन मिनिटांचं काम आहे.

जुन्याचं कौतुक करताना एक गोष्ट लोक विसरतात. त्या कीबोर्डवर वरच्या बाणाच्या दोन्ही बाजूंना ब्राउझरच्या मागे-पुढेच्या कळा होत्या. ऑनलाइन फॉर्म अर्धा भरून झाला आणि बाणाऐवजी बोट शेजारी पडलं की पान मागे जायचं.

कारण मुख्यतः जागेचं. ४:३ स्क्रीनच्या काळात लॅपटॉप खोलीला भरपूर होता, तळहाताला आणि कळांना जागा होती. मग १६:१० स्क्रीन आले, आणि टी४२० व एक्स२२०पासून १६:९. मशीन रुंद आणि उथळ झालं, त्याच काळात टचपॅड मोठा हवा अशी मागणी वाढली. एक्स२२०मध्ये सात ओळी राखल्या खऱ्या, पण टचपॅड काडेपेटीएवढा उरला. दोन्ही मावणार नव्हतं. गंमत म्हणजे एक्स१ कार्बनला २०२१मध्ये आणि टी१४ला २०२२मध्ये स्क्रीन पुन्हा १६:१० मिळाला, खोली वाढली, पण सातवी ओळ परतली नाही. अपवाद एकच: २०१७ची पंचविशीची खास आवृत्ती. टी४७०च्या सांगाड्यावर सात ओळींचा कीबोर्ड, आणि तो एकदाच.

जुना कीबोर्ड बसवण्याबद्दल. टी४२० किंवा एक्स२२०चा कीबोर्ड टी४३०, एक्स२३०, टी५३० यांत बसतो, त्यापुढच्या कशातच नाही. तीन कामं करावी लागतात. कीबोर्डच्या खालच्या कडेची पत्र्याची जिभली किंचित घासावी लागते. कनेक्टरवर बॅकलाइटला वीज देणाऱ्या पिना पातळ कॅप्टॉन टेपने (वीज न वाहणाऱ्या चिकटपट्टीने) झाकाव्या लागतात. जुन्या कीबोर्डमध्ये त्या जागी दुसरीच जोडणी असल्याने टेप विसरली तर शॉर्ट होतं. शेवटी कळांचा नकाशा जुळण्यासाठी एम्बेडेड कंट्रोलरचं (कीबोर्ड सांभाळणाऱ्या बोर्डवरच्या चिपचं) फर्मवेअर, म्हणजे तिच्यातलं सॉफ्टवेअर, बदलावं लागतं, नाहीतर वरच्या रांगेतल्या काही कळा भलतंच काम करतात. हे तिसरं काम अर्ध्यात वीज गेली तर मशीन मरतं. त्यामुळे चांगली बॅटरी आणि अडॅप्टर दोन्ही लावूनच ते करावं, पावसाळ्यात तर नक्कीच. रोजीरोटीचं एकच मशीन असेल तर या फंदात पडू नका, टी४२०च जपा. त्याचा कीबोर्ड बदलणं सोपं आहे: तळाशी कीबोर्डचं चिन्ह असलेले दोन स्क्रू काढायचे, कीबोर्ड स्क्रीनच्या दिशेने सरकवायचा आणि पुढची कड उचलायची.

डाव्या कोपऱ्यातल्या एफएन कळीबद्दलही पाच-सहा पत्रं आहेत. बायोसमध्ये (मशीन सुरू होताना एफ१ दाबून उघडणाऱ्या मूळ सेटिंग्जमध्ये) कॉन्फिग, मग कीबोर्ड/माउस, तिथे एफएन आणि कंट्रोल यांची अदलाबदल करता येते. २०२४च्या बऱ्याच मॉडेलांपासून कंपनीनेच कंट्रोल कोपऱ्यात आणली. म्हणजे वीस वर्षं हाताला लावलेली सवय आता उलटी मोडायची.

प्रश्न: टी४४०पी स्वस्तात मिळतोय. मित्र म्हणतो घेऊ नकोस, टचपॅड भिकार आहे. खरं का?
(घणसोली)

उत्तर: खरं आहे, आणि दुरुस्त होण्यासारखंही आहे. २०१३मध्ये टी४४० आणि एक्स२४०पासून लाल ठिपक्याच्या (कीबोर्डच्या मधोमध असलेल्या, माउसचं काम करणाऱ्या टोपीच्या) तीन बटणांना रजा दिली आणि अख्खा टचपॅडच दाबायचा केला. ठिपका वापरताना अंगठ्याला बटण सापडेना. ओरड इतकी झाली की २०१५च्या टी४५०, एक्स२५०मध्ये बटणं परत आली. कंपनीने चूक एवढ्या लवकर मान्य केल्याची उदाहरणं फार नाहीत.

टी४४०पीमध्ये टी४५०चा तीन बटणांचा टचपॅड बसतो. घेताना सिनॅप्टिक्स कंपनीचा घ्या, आल्प्सचा नको. विंडोजमध्ये टी४४०पीचा ड्रायव्हर बटणं नीट ओळखत नाही, टी४५०चा टाकावा लागतो. सुटा, बदलता येणारा प्रोसेसर सॉकेटमध्ये असलेल्या टी मालिकेतल्या शेवटच्या मशिनांपैकी हे एक, म्हणून हौशी लोक त्याला धरून आहेत. पण ते विंडोज ११च्या यादीत नाही. लिनक्स चालणार असेल तर घ्या.

प्रश्न: टी४८०नंतरचे सगळे बंद डबे, असं तुम्ही लिहिलंत. टी१४ची पाचवी पिढी उघडून पाहिलीत का कधी?
(दुरुस्ती करणारा एक वाचक, वागळे इस्टेट)

उत्तर: इथे आमचं चुकलं. ‘सगळे’ हा शब्द काढून टाकावा लागेल.

क्रम असा आहे. टी४८० (२०१८) मध्ये रॅमच्या दोन खाचा, आत एक आणि बाहेर एक बॅटरी. टी४९० (२०१९) मध्ये बाहेरची बॅटरी गेली, थोडी रॅम बोर्डवर सोल्डर झाली आणि एकच खाच उरली. टी१४च्या पहिल्या पिढीतही (२०२०) तेच. मधल्या काही एएमडी आवृत्त्यांत तर सगळी रॅम सोल्डर. इथवर आमचं वाक्य टिकतं. पण २०२४च्या टी१४ पाचव्या पिढीत डीडीआर५च्या दोन खाचा परत आल्या, बॅटरी आणि कीबोर्ड घरच्या घरी बदलण्याजोगे झाले, आणि मशिनं उघडून गुण देणाऱ्या आयफिक्सिटने तिला १०पैकी ९ गुण दिले. बाहेरची बॅटरी मात्र आली नाही.

सोल्डर केलेल्या रॅमकडे नुसता कंपनीचा लोभ म्हणून पाहू नये. एलपीडीडीआर जातीची रॅम कमी वीज खाते आणि जास्त वेगाने चालते, पण त्यासाठी प्रोसेसरपासूनच्या तारा अगदी आखूड लागतात, नेहमीच्या खाचेत ते जमत नाही. यावर एलपीकॅमएम२ हा स्क्रूने बसणारा नवा प्रकार निघालाय, तो २०२४च्या पी१ सातव्या पिढीत वापरला. एक्स१ कार्बन आणि टी१४एसमध्ये रॅम अजून सोल्डरच आहे, तिथे जितकी हवी तितकी पहिल्याच दिवशी घ्यावी.

तुम्हाला राग यावा असं मॉडेल दुसरंच आहे. २०२५च्या एक्स९वर लाल ठिपकाच नाही. त्यावर थिंकपॅड लिहायचं कशासाठी, हे आम्हालाही समजलेलं नाही.

प्रश्न: महापे-ऐरोलीच्या कंपन्यांतून निघालेल्या मालातला टी४८० ठाणे स्टेशनजवळच्या दुकानात पाहिला. घेण्याआधी काय तपासावं?
(कळवा)

उत्तर: लीज संपली की कंपन्यांची मशिनं गठ्ठ्याने निघतात. बाहेरून घासूनपुसून नवी दिसतात. दुकानात अर्धा तास मागा, दुकानदार नाही म्हणाला तर पुढच्या दुकानात जा.

आधी मशीन उलटं करून स्टिकर वाचा. टी४८०चा क्रमांक २०एल५ किंवा २०एल६ने सुरू होतो. २०एल७ किंवा २०एल८ असेल तर तो टी४८०एस. टी४८० म्हणून टी४८०एस गळ्यात मारणं सर्रास चालतं. टी४८०एस सडपातळ आहे, पण रॅमची खाच एकच आणि बाहेरची बॅटरी नाही.

मग सुरू करताना एफ१ दाबून बायोसमध्ये जा. पासवर्ड मागितला तर मशीन तिथेच ठेवा. सुपरवायझर पासवर्ड बोर्डवरच्या चिपमध्ये असतो, सीमॉस बॅटरी (बोर्डवरची छोटी गोल बॅटरी) काढून तो जात नाही. कंपनीच्या दुरुस्ती पुस्तिकेतही बोर्ड बदला एवढाच उपाय दिला आहे. ‘घरी गेल्यावर काढून देतो’ यावर विश्वास ठेवू नका. बायोसच्या सिक्युरिटी भागात अ‍ॅब्सोल्यूट किंवा काँप्युट्रेस (मशीनवर दुरून पाळत ठेवणारी, ते बंद करू शकणारी सोय) चालू नाही ना, तेही पाहा.

तिसरी तपासणी बहुतेक लोक करत नाहीत आणि तिथेच फसतात. विंडोज नव्याने टाकायला लावा आणि सुरुवातीच्या मांडणीत मोबाइलचं हॉटस्पॉट जोडा. स्क्रीनवर एखाद्या कंपनीचं नाव आणि तिच्या ईमेलची मागणी आली तर मशीन अजून त्या कंपनीच्या नोंदीत आहे. फॉरमॅट करून ही नोंद जात नाही, ती मशीनच्या हार्डवेअरच्या ओळखीशी बांधलेली असते आणि मूळ कंपनीच ती काढू शकते. नेट न जोडता विंडोज टाकून विकलेली मशिनं महिन्या-दोन महिन्यांनी, पुढच्या फॉरमॅटच्या वेळी अशी अडतात.

स्क्रीन. टी४८० बराचसा १३६६ × ७६८च्या स्वस्त पॅनलसह विकला गेला. बाजूने पाहिलं की रंग उलटे दिसतात. १९२० × १०८०चा आयपीएस पॅनल मागा, तो बाजूनेही नीट दिसतो. नसेल तर टच नसलेल्या मशिनात ३० पिनांचा फुल एचडी पॅनल नंतर बसवता येतो. भाव करताना त्याचे पैसे वजा करा.

रॅम बहुधा ८ जीबीची एकच पट्टी असते. दुसरी टाकली की नुसती क्षमता वाढत नाही, दोन्ही मार्ग चालू होतात आणि प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सचा वेग जाणवण्याइतका वाढतो. कागदावर मर्यादा ३२ जीबी असली तरी ६४ चालते. एसएसडीच्या बाबतीत मात्र अपेक्षा बेताची ठेवा. २.५ इंची कप्प्यात कॅडी (जोडणीची चौकट) टाकून एनव्हीएमई या वेगवान जातीची एसएसडी बसवता येते, पण तिला पीसीआयईचे दोनच मार्ग मिळतात. महागडी ड्राइव्ह घेऊन तिथे अर्धाच वेग मिळेल.

प्रश्न: टी४८०ची आतली बॅटरी दुकानदाराने बदलायला सांगितली. घरी जमेल का? शिवाय एका बाजूच्या यूएसबी-सीने चार्ज होत नाही.
(कोपरखैरणे)

उत्तर: आधी बॅटरी. आतली २४ वॉट-तासांची. बाहेरच्या तीन मिळतात: २४ची सपाट, ४८ आणि ७२ची खाली फुगवटा असलेली. बाहेरची आधी वापरली जाते, ती संपत आली की आतलीवर गाडी येते. त्यामुळे आतली टिकलेली असेल तर मशीन बंद न करता बाहेरची बदलता येते. रोज वाशी-ठाणे लोकलने जाणाऱ्याला २४ची दुसरी सपाट बॅटरी पिशवीत ठेवणं फुगवट्याच्या ७२पेक्षा बरं पडतं.

बदलण्याआधी खरंच खराब आहे का ते पाहा. कमांड प्रॉम्प्टमधला पॉवरसीएफजीचा बॅटरी अहवाल दोन्ही बॅटऱ्या वेगळ्या दाखवतो. आतलीची मूळ क्षमता सुमारे २४,००० आणि आताची १५,००० मिलिवॉट-तास असेल तर ती ६२ टक्क्यांवर आहे, अजून वर्ष काढेल. टचपॅड दाबायला जड झाला असेल किंवा खालचं झाकण वर आलं असेल तर मात्र टक्के बघत बसू नका, बॅटरी फुगली आहे.

काम असं. बायोसमध्ये कॉन्फिग, पॉवर, तिथे ‘डिसेबल बिल्ट-इन बॅटरी’ निवडा, मशीन बंद होईल. आता अडॅप्टर लावू नका, लावला तर आतली बॅटरी पुन्हा जागी होते. बाहेरची काढा. तळाचे सहा स्क्रू सैल करा. ते झाकणातच अडकून राहतात, पूर्ण निघत नाहीत, म्हणून ओढू नका. बिजागरीच्या बाजूने प्लॅस्टिकचं जुनं कार्ड घालून झाकण सोडवत या. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक घातलंत तर झाकणाच्या जिभल्या तुटतात आणि मग ते कायमचं खुळखुळतं. बॅटरीचा कनेक्टर आधी, स्क्रू नंतर. बिनकंपनीच्या बॅटरीचा भरवसा धरू नका: २०१२च्या पिढीपासून थिंकपॅड बॅटरीची ओळख तपासतो आणि नापसंत असेल तर चार्जच करत नाही. जुनी बॅटरी घंटागाडीत टाकू नका, ई-कचऱ्यात द्या. फुगलेली असेल तर टोचू नका, वाकवू नका.

आता यूएसबी-सी. टी४८०ला असे दोन पोर्ट आहेत, त्यांतला विजेचं चिन्ह असलेला तो थंडरबोल्ट, म्हणजे जास्त वेगाचा. दोन्हीकडून चार्ज व्हायला हवं. थंडरबोल्टच्या जुन्या फर्मवेअरमध्ये दोष होता: ते आपल्याच चिपमध्ये नोंदी लिहीत राहतं आणि जागा भरली की चार्जिंग, डॉक, बाहेरचा मॉनिटर, कधी एचडीएमआयसुद्धा रुसतं. सुधारित फर्मवेअर कंपनीने दिलं आहे, कंपनीच्या लेनोवो व्हँटेज या अॅपमधून टाका. मशीन ठीक चालत असेल तरी टाका, कारण चिप एकदा भरली की नुसत्या अपडेटने ती सुधारेलच असं नाही. मग ती प्रोग्रामरने पुन्हा लिहावी लागते किंवा बोर्ड बदलावा लागतो.

फर्मवेअर नवं असूनही चार्ज होत नसेल आणि पिन हलवल्यावर दिवा लागतो-विझतो असं असेल तर पोर्टचे टाके सुटले आहेत. पोर्ट थेट बोर्डवर आहे, जुन्या गोल पिनेसारखा सुटा बदलता येत नाही. गरम हवेचं यंत्र आणि मायक्रोस्कोप असलेल्या माणसाकडेच द्या.

प्रश्न: एक्स२२० आहे, मुलीला कॉलेजसाठी द्यावा का?
(खारघर)

उत्तर: विंडोज १०ची नेहमीची मदत १४ ऑक्टोबर २०२५ला संपली. विंडोज ११ला इंटेलची आठवी पिढी लागते, म्हणजे टी४८०पासून पुढे. एक्स२२० दुसऱ्या पिढीचा. युक्त्या करून ११ टाकता येतं, पण परीक्षेच्या आदल्या रात्री अपडेटने अडवलं तर कोण निस्तरणार? ७ मिलिमीटर जाडीची एसएसडी घालून, रॅम १६ जीबी करून लिनक्स टाकलं तर टायपिंगला त्याच्यासारखा कीबोर्ड नाही. कॉलेजच्या सॉफ्टवेअरला विंडोजच लागत असेल तर नको.

प्रश्न: लाल ठिपका आपोआप एका बाजूला सरकत राहतो. शिवाय स्क्रीनवर मधोमध एक गोल डाग आलाय. दोन्हीचा संबंध आहे का?
(दिवा)

उत्तर: सरकण्याचा डागाशी संबंध नाही. सतत हलका दाब राहिला की ठिपका तोच शून्य समजतो. बोट तीन-चार सेकंद उचला, तो स्वतःला पुन्हा जुळवून घेतो. दर मिनिटाला होत असेल तर टोपी काढून खालच्या काडीभोवती साचलेला कचरा साफ करा, आणि तरीही थांबलं नाही तर कीबोर्ड बदला.

डाग मात्र ठिपक्याच्या टोपीचाच. टोप्या वेगवेगळ्या उंचीच्या येतात. जुन्या जाड मॉडेलची उंच टोपी सडपातळ मॉडेलवर बसवली की झाकण मिटल्यावर ती स्क्रीनला टेकते, आणि सकाळच्या गर्दीत पिशवी छातीशी दाबून उभं राहिलं की तिथे कायमचा ठसा उमटतो. मॉडेलला लागणारी बुटकी टोपी मागवा आणि तोवर झाकण मिटण्यापूर्वी टोपी काढून ठेवा. आधी ओल्या मऊ कापडाने पुसून पाहा: नुसता तेलकट ठसा असेल तर निघेल, पॅनल दबला असेल तर नाही.